मुताची नळी आणि जनाबाईचं नाक

मी काचेची नळी बोलतेय. वीतभराहून जरा कमी लांब, करंगळीएवढी जाड, खालून बंद आणि वरून उघडी. शिकलेले लोक मला परीक्षानळी म्हणतात. नागपूरला सक्करदऱ्याच्या ज्या घरात मी राहते तिथे मला मुताची नळी म्हणतात, आणि तेच खरं आहे. मुरडलंत ना नाक? खुशाल मुरडा. तुमच्या नाकांबद्दल माझं मत काय आहे ते पुढे येईलच.

माझा जन्म भट्टीतला. आम्हा शंभर जणींना एका मापाचं करून पुठ्ठ्याच्या खोक्यात भुशावर निजवलं होतं. आमच्यासारख्याच काचेच्या बांगड्या होतात, कंदिलाच्या चिमण्या होतात, अत्तराच्या कुप्या होतात. आमच्या नशिबी तुम्ही आलात. तेही सगळे नाही, तर तुमच्यातलं जे तुम्हालाच क्षणभर जवळ नको असतं तेवढंच.

सत्तर साली मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात आले. पुढच्या खोलीत डॉक्टर बसत आणि मागच्या खोलीत लतिकाबाईंचं राज्य होतं. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीचं सुती पातळ आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी कानशीने माझ्या अंगावर सतराचा आकडा कोरला. माणसांमध्ये मला आदर वाटला असेल तर या एका बाईबद्दल, कारण ती कशालाच नाक मुरडत नसे.

बाकीच्यांचं काय सांगू! साऱ्या विदर्भातून लोक लघवीच्या बाटल्या घेऊन यायचे. कोणी तेलाच्या बाटलीत आणायचे, कोणी खोकल्याच्या औषधाच्या, आणि एका कापडवाल्या शेटजींनी तर केवड्याच्या अत्तराच्या कुपीत आणली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी हे लोक उपाशी राहायचे आणि बाहेर पडल्या पडल्या बर्डीच्या बाजारात जाऊन जिलबी खायचे. एक सरकारी बाबू दर महिन्याला नळाचं पाणी मिसळून आणायचा. एकाने बायकोची आणली, आणि ती बाई पोटुशी आहे हे त्याला आमच्याकडून कळलं. डॉक्टरांना फसवलं की रोग फसतो अशी या सगळ्यांची समजूत होती. मी प्रत्येकाला आतून पाहिलं आहे. आतून पाहिल्यावर आदर टिकत नाही.

माझं काम सोपं होतं. माझ्यात निळं औषध घालायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर दोन मिनिटं उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी अशा पायऱ्या, आणि विटकरी आला की साखर भरपूर.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर बाबनराव आला. तेवीस वर्षांचा विणकर, सक्करदऱ्याला घरचा माग. सहा महिन्यांत त्याचा सदरा अंगावर लोंबायला लागला होता. "खातो तं बैलासारखा, अन् वाळून राहिलो काडीसारखा," असं तो डॉक्टरांना म्हणाला. माझ्यात त्याचे आठ थेंब पडले आणि मी वीट झाले.

डॉक्टरांनी त्याला समजावलं. अन्नाची साखर रक्तात येते, पण ती पेशींमध्ये शिरायला इन्सुलिन लागतं. ते याच्या अंगात जवळजवळ बनतच नव्हतं. साखर रक्तातून फिरत राहायची आणि लघवीवाटे निघून जायची, पेशी मात्र उपाशी. मग शरीर आपलीच चरबी काढून जाळायला लागतं, म्हणून माणूस वाळतो. उपाय एकच, रोज इन्सुलिनची सुई. जन्मभर. बाबनने मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसाला काही समजलेलं नसतं, हे मी तोवर शिकले होते.

लतिकाबाईंनी त्याला घरी रंग पाहायला शिकवलं. इथे तो पठ्ठ्या त्यांनाच शिकवायला लागला. "बाई, हा पिवळा नाही, हा हळदी झाला. अन् हा नारिंगी नाही, शेंदरी." सुताला रंग देण्यात त्याचा जन्म गेलेला. लतिकाबाई चक्क हसल्या आणि एरवी कोणाला देत नसत ती नळी, म्हणजे मी, त्याला देऊन टाकली. सोबत निळ्या औषधाची बाटली, स्पिरिटचा दिवा, स्पिरिटची शिशी आणि स्पिरिट भरलेल्या डबीत बुडवून ठेवलेली काचेची सिरिंज. बायकोला शिकवून ठेवा, असंही त्यांनी बजावलं. अशी मी सक्करदऱ्याला आले.

घर तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खड्डामाग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा. मधे बिछाने, मागे चूल, आणि अंगणाच्या कडेला न्हाणी. माणसं तीन. बाबन, त्याची बायको कुसुमावती आणि त्याची आई जनाबाई. कुसुम उमरेडची, लग्नाला वर्ष झालेलं, सासूसमोर आवाज न काढणारी. जनाबाईचा आवाज तिघांना पुरून गल्लीला उरायचा.

पहिल्याच दिवशी जनाबाईने मला चिमटीत धरून लांब केलं. "हे मुताची नळी माझ्या घरात नाही राहणार. न्हाणीत ठेव वं कुसुम." झालं. सिरिंज, दिवा आणि स्पिरिट मागाशेजारच्या लाकडी पेटीत गेलं. इन्सुलिनची बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात, थंडाव्याला. मी आणि निळं औषध न्हाणीच्या कोनाड्यात, घासणीच्या राखेशेजारी. कुसुम मला दोन बोटांनी धरून राखेने घासायची आणि तोंड फिरवून घ्यायची. मी तिचा चेहरा पाहून घेत असे.

आता ते नाक. जनाबाईचा नवरा रुपराव हाही विणकर, आणि मोहाच्या दारूचा भक्त. बाराएक वर्षं तिने रोज संध्याकाळी दारात उभं राहून त्याचं तोंड हुंगलं होतं. वेलची चघळून आला, कांदा खाऊन आला, तंबाखू कोंबून आला, तरी तिचं नाक चुकलं नाही. या नाकाची गल्लीत कीर्ती झाली. बायका आपल्या नवऱ्यांची तोंडं हुंगायला तिला बोलवायला लागल्या. "जनाबाई, जरा येता का वं? हे नाही म्हणून राहिले." मग जनाबाई पदर खोचून निघायची, त्या बाप्याला अंगणात उभं करायची, एकदाच श्वास ओढायची आणि निकाल द्यायची. निकाल लागलेला माणूस त्या दिवशी उपाशी बाहेर झोपायचा. हे ऐकून तुम्हाला हसू येत असेल. मला तर हे सगळं गावच हुंगण्याच्या लायकीचं वाटायचं.

रुपराव साठ साली गेला. शेवटच्या महिन्यात तो मागावर हात ठेवून रोज शपथ घ्यायचा, की सोडली, खरंच सोडली. घरातला माठ एकटा रिकामा करायचा. दारुड्याची तहान, असं जनाबाई म्हणायची. तोंडाला वास येतच होता आणि तिचं नाक तर कधी चुकलेलं नव्हतं. तिने त्याची खाट अंगणात काढली आणि तिथेच तो संपला. ही हकीकत ती कुसुमला दर आठवड्याला ऐकवायची, वाटीने तांदूळ मोजावेत तशी, त्यात कधी काही कमी नाही की जास्त नाही. न्हाणीच्या कोनाड्यातून मला सगळं ऐकू यायचं.

तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या बाबनला तिने त्याच मागावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती, थेंबाला शिवणार नाही म्हणून. तो शिवला नव्हता. त्याच्या आत काय आहे ते रोज माझ्यात उकळत होतं, त्यामुळे मला ठाऊक होतं.

पण घरात स्पिरिट आलं. पेटी उघडली की जनाबाईच्या नाकपुड्या फुलायच्या. "काय गा बाबन, दारूची शिशी घरात ठेवली?" तो सांगायचा, "माय, ते सुई धुवाचं औषध आहे." तिने ऐकून घेतलं आणि कोणी पाहत नाही असं बघून शिशीला सुताचा दोरा बांधला, बरोब्बर स्पिरिटच्या पातळीवर. दोरा बांधून माणसाची परीक्षा घेणारी ही बाई. मला त्याच दिवशी किळस आली.

बहात्तरचा मे महिना आला. नागपूरचा मे. पत्र्यावर हात ठेवला तर फोड यावा असं ऊन. शिशीचं बूच ढिलं होतं. थोडं स्पिरिट दिव्याला लागायचं, आणि बाकीचं ऊन पिऊन टाकायचं. दोरा राहिला वर आणि स्पिरिट गेलं चार बोटं खाली.

त्याच सुमारास बाबनच्या गुडघ्यावर गळू झालं. अंगात बारीक ताप होता, साखर चढली होती, मी आठवडाभर शेंदरी होत होते. अशा वेळी सुईतलं औषध वाढवावं लागतं. त्याने वाढवलं नाही, उलट हातात काम होतं म्हणून दोन वेळा चुकवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मागावरून उठताना तो आईच्या जवळून गेला आणि जनाबाई हातातलं सूप टाकून उभी राहिली.

"थांब. तोंड उघड."

तो हसला, पण उघडलं. तिने श्वास ओढला. गोडसर, उतरलेल्या फळाचा, मोहाची फुलं भिजत घालावीत तसा वास. तिने पेटीतली शिशी काढून त्याच्यापुढे दोऱ्यासकट धरली.

"बापानं पिली मोहाची, अन् तू इस्पिरिट पेऊन राहिला?"

"माय, मी नाही पिलो. तुझी शपथ."

"तुझा बापही असाच म्हणे."

या एका वाक्यापुढे त्या घरात कोणाचं काही चालत नसे. जनाबाईने स्पिरिट न्हाणीत ओतलं. माझ्या शेजारून ते वाहत गेलं. पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. सिरिंज आत राहिली.

आता शहाण्याने काय करावं? सुई मागावी, भांडावं, धंतोली गाठावी. पण हा जनाबाईचाच मुलगा. त्याला राग आला. "ठेव. पंधरा दिवस ठेव तुझी पेटी. मी सुई घेत नाही, भाताले शिवत नाही, गोड तं खातच नाही. साखर येईन कुठून? मंग वास येते का पाह्य, म्हणजे तुले समजन कोण खरं आहे ते." आपण निर्दोष आहोत हे दाखवण्यासाठी त्याने औषध सोडलं! इन्सुलिन माठाजवळ थंड बसलं होतं, सुई कुलपात होती, आणि हे दोघं एकमेकांना धडा शिकवत होते. असली माणसं पाहून काचेलाही तडा जावा.

त्याला वाटत होतं, खाल्लं नाही तर साखर कुठली. अरे मूर्खा, रोग जेवणाच्या ताटात नसतो. इन्सुलिन अजिबात नसलं की अंगातल्या चरबीच्या कोठ्या सताड उघडतात. चरबी सुटून तिची आम्लं रक्तात उतरतात. स्नायू ती जाळतात, हृदय जाळतं, पण लोंढाच्या लोंढा यकृताकडे जातो आणि त्याला ती पुरती जाळता येत नाहीत. त्यातून दुसरी आम्लं तयार होतात आणि रक्त आंबट करतात. लघवीवाटे ती बाहेर पडतात, आणि त्यातलंच काही श्वासावाटे निघतं. तोच तो गोडसर वास. उपाशी राहिलं तर हे थांबत नाही, अजून भडकतं. सुई बंद करून हा गडी तोच वास वाढवत होता, जो नाही हे त्याला सिद्ध करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने माठ रिकामा केला. जनाबाईने तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या आणि पोट दुखायला लागलं. जनाबाई म्हणाली, "उतरून राहिली." चौथ्या दिवशी सकाळी तो मागावर बसायला गेला, झोकांडी गेली आणि सरळ खड्ड्यात कोसळला. शेजारची जिजाबाई धावत आली. कुसुम आणि ती मिळून त्याला वर काढत होत्या, आणि जनाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय झालं वं जनाबाई?" जिजाबाईने विचारलं.

"काय होते? पिऊन आहे. तूच हुंगून पाह्य."

एवढं मात्र मान्य केलं पाहिजे. दुसऱ्यांच्या नवऱ्यांना जो निकाल, तोच तिने पोटच्या पोराला दिला आणि चारचौघांत दिला. त्यात तिचं काळीज फाटत होतं हेही दिसत होतं. पण चुकीच्या निकालासाठी फाटलेल्या काळजाला मी काय करू? तिने त्याची खाट अंगणात, कडुनिंबाखाली काढली. बापाची होती तीच खाट, तीच जागा.

बाबन तिथे डोळे मिटून पडला. श्वास भात्यासारखा चालला होता, खोल आणि भराभर. कुसुम जवळ बसून वारा घालत होती. तिचाही निम्मा विश्वास सासूच्या नाकावर बसलेला, कारण वास तिलाही येत होता. थोड्या वेळाने तिने त्याला धरून न्हाणीत आणलं, तो कसाबसा भिंतीला टेकून बसला, आणि तेव्हा तिचं लक्ष मोरीकडे गेलं. मोरीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली होती.

तिने वाकून त्या मुंग्या पाहिल्या. मग तिने वाटी पुढे केली. आणि मग, सहा महिन्यांत पहिल्यांदा, मला दोन बोटांनी नाही तर मुठीत धरून कोनाड्यातून काढलं.

पाहा गंमत. दिवा कुलपात, सुई कुलपात, सगळं सोवळं सामान कुलपात. जिला मुताची म्हणून पेटीत जागा मिळाली नाही, ती मी तेवढी बाहेर.

कुसुमने माझ्यात निळं औषध घातलं, मोजून आठ थेंब टाकले आणि चिमट्यात धरून मला चुलीच्या निखाऱ्यांवर उकळलं. रोज घासताना तिने सगळं पाहून ठेवलं होतं. मी हिरवी, पिवळी असं काहीही न करता थेट विटकरी झाले.

"आत्याबाई, हे पाहा. साखर आहे."

जनाबाईने पाहिलं. "दारू भिनली म्हणजे लालच होईन."

"दारूले मुंग्या कायले येतीन?"

"मोहाची फुलं गोडच राहतेत. तुले काय समजते वं? मी बारा वर्षं हुंगलं आहे."

कुसुमने मला धुतलं, वाटीतली उरलेली लघवी माझ्यात भरली, सुताचा बोळा घट्ट लावला आणि मला पदराच्या गाठीत बांधलं. "जिजाबाई, यायच्यापाशी बसा," एवढं म्हणून ती निघाली. मागून जनाबाई ओरडत होती, की वेशीवर टांगशील घराची अब्रू. सासूला न विचारता ही पोरगी आजवर कोपऱ्यावरच्या दुकानातही गेली नव्हती.

भर उन्हात तिने सायकल रिक्षा केली आणि धंतोली गाठली. आत शिरताच तिने सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू घेतो का?" पाहिलंत? शिकलेलेही त्याच मुक्कामाला.

"आत्याबाई म्हणतेत, घेतेत," कुसुम म्हणाली. "मले माहीत नाही. तुम्हीच पाहा." आणि तिने पदराची गाठ सोडून मला टेबलावर ठेवलं.

लतिकाबाईंनी मला उचललं, सतराचा आकडा पाहिला आणि बोळा काढताच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी काही न विचारता माझ्यातलं अर्धं ओतून दिलं. उरलेल्यात पांढरी भुकटी विरेल तेवढी विरवली, एक तांबूस खडा टाकला, आणि मला तिरपं धरून माझ्या भिंतीवरून अमोनिया हळूच सोडला. तो वर तरंगत राहिला. मग त्यांनी मला खिडकीच्या उजेडात उभं धरलं.

दोन थरांच्या मधे जांभळं कडं उमटलं. गडद, पिकल्या जांभळासारखं. चरबी अर्धवट जळाल्याची ती खूण आहे. दारूने ते कडं येत नाही.

"साहेब," लतिकाबाई म्हणाल्या, "हा माणूस प्यायलेला नाही. मरतोय."

डॉक्टर स्वतः गाडी घेऊन गेले. मी टेबलावरच राहिले. दुपारी बाबनला आणून पुढच्या खोलीतल्या खाटेवर निजवलं तेव्हा तो हाकेला ओ देत नव्हता. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. दर दोन तासांनी लतिकाबाई त्याची लघवी माझ्यात घेऊन कडं पाहायच्या. संध्याकाळी ते गडदच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिकं झालं. दुपारी त्याने पाणी मागितलं आणि कुसुम भिंतीकडे तोंड करून रडली.

जनाबाई तेव्हा आली. कमरेला किल्ली होतीच. तिने वाकून मुलाचं तोंड हुंगलं आणि म्हणाली, "उतरली."

माझ्या उभ्या आयुष्यात मी कोणाचा इतका तिरस्कार केला नसेल.

डॉक्टरांनी तिला मागच्या खोलीत बोलावलं आणि स्टुलावर बसवलं. "आजी, ओसरीत सरपण रचलेलं आहे, आणि कोणी ते सोडून घरचा माग तोडून चुलीत घालतो. काय म्हणाल त्याला?"

"येडा असन तो."

"तुमच्या मुलाचं शरीर चार दिवस तेच करत होतं. साखर होती, पण सुई नसल्यामुळे वापरता येत नव्हती. म्हणून त्याने चरबी जाळली. तो वास त्या जळण्याचा. दारू कुठेच नव्हती."

लतिकाबाईंनी आदल्या दिवशीची हकीकत सांगितली आणि मला उजेडात धरून तिला ते फिकं कडं दाखवलं. जनाबाई पाहत राहिली. मला वाटलं, आता ही आपल्या नाकाची बाजू घेणार. मी तयार होते. पण तिने भलतंच विचारलं.

"यात तहान लागते का जी?"

"खूप लागते."

"माठ रिकामा होईन येवढी?"

"हो."

"अन् माणूस वाळते?"

"वाळतो."

"अन् वास येते. पिल्याशिवाय."

"पिल्याशिवाय," डॉक्टर म्हणाले.

जनाबाईने कमरेची किल्ली काढली आणि मांडीवर ठेवली. मग लतिकाबाईंच्या हातातल्या माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्या बापाले जाऊन बारा वर्षं झाली. मागावर हात ठेवून सांगे, सोडली म्हणून. आता त्यायचं पाणी कुठून आणू मी?"

लतिकाबाईंनी मला हळूच स्टँडमध्ये ठेवलं.

त्याला आता बारा वर्षं होऊन गेली. चौऱ्याऐंशी साल चालू आहे. बाबनच्या कानशिलांवर पांढरे केस आलेत, तो रोज सुई घेतो आणि अजूनही शेंदरी की नारिंगी यावर कुसुमशी वाद घालतो. कुसुम आता सासूसमोर आवाज काढते. बाजारात कागदाच्या पट्ट्या आल्यात, बुडवल्या की रंग सांगतात. माझ्या तोंडाला टवका गेलाय आणि मला हल्ली कोणी उकळत नाही.

जनाबाईने कोणाची माफी मागितली नाही. मुलाची नाही, सुनेचीही नाही. मात्र गल्लीतल्या बायका बोलवायला आल्या की ती म्हणायची, "माझं नाक गेलं वं," आणि दार लावून घ्यायची. तिचं नाक शाबूत होतं. घरात दूध करपायच्या आधी तिला कळतं, आजही. बाबनसोबत मी घरी परतले तेव्हा तिने मला न्हाणीऐवजी मागाशेजारच्या पेटीवर ठेवलं, आणि ती पेटी पुन्हा कधी कुलपात गेली नाही.

तुमच्याबद्दल माझं मत मवाळ झालं असं समजू नका. तुम्ही अजूनही नाकाने निकाल देता, दोऱ्याने माणसं मोजता आणि खरं ठरायचं म्हणून जीव द्यायला बसता. तुम्हाला एवढंच सांगते. घरात कोणी माठच्या माठ पीत असेल, खाऊन वाळत असेल, त्याच्या तोंडाला न पिता वास येत असेल, तर त्याला आधी माझ्यासारखीच्या तोंडाशी न्या. हुंगायला पुढे जन्म पडलाय.

रोज सकाळी जनाबाई मला पेटीवरून उचलते. पंचाहत्तरी गाठलेले, सुताने चिरलेले तिचे हात आता कापतात. मला स्वच्छ पाण्याने धुते, पदराने पुसते आणि लतिकाबाईंनी धरलं होतं तसं दाराच्या उजेडात उभं धरते. मी रिकामी असते. रिकाम्या नळीत काही दिसत नाही. तरी ती डोळे बारीक करून पाहते.

शेटजींचं मला ठाऊक आहे, बाबूचं ठाऊक आहे, बाबनचं ठाऊक आहे. साठ साली, कडुनिंबाखालच्या त्या खाटेवर, रुपराव प्यायलेला होता की नव्हता, एवढं एकच मला ठाऊक नाही. ती विचारते आणि मी तिच्या हातात कोरडी उभी राहते.